थ्रॉटल बॉडीचं कूलंट बायपास करावं का? नाशिकच्या उन्हाळ्यापुरतं उत्तर

एप्रिल लागला, पारा चाळिशीला टेकला की शिंगाडा तलावाजवळच्या दुकानांत आणि अंबडच्या गॅरेजांत एक प्रश्न हमखास निघतो: "दादा, थ्रॉटल बॉडीला जाणारं गरम कूलंट बंद करून टाकू का? पिकअप वाढतो म्हणतात." विचारणाऱ्यांचा तर्क चुकीचा नसतो. थंड हवा दाट असते, दाट हवेत ऑक्सिजन जास्त, म्हणजे ताकद जास्त. मग हवेच्या वाटेवरच 85-90 अंशांचं कूलंट (इंजिनची उष्णता वाहून नेणारं द्रव) कशाला खेळवायचं? दोन होज (रबरी नळ्या) काढायचे, एकमेकांना जोडायचे, वर एक जॉइनर आणि दोन क्लिपा. खर्चही किरकोळ.

माझं मत आधीच सांगतो. नाशिकमध्ये रोज चालणाऱ्या पेट्रोल गाडीवर हे काम करण्यात अर्थ नाही. यातून मिळणारा फायदा मोजायला गेलं तर हाताला लागत नाही, आणि ज्या गरम हवेमुळे गाडी खरंच मरगळते ती दुसऱ्याच वाटेने आत शिरत असते. पण नुसतं "करू नको" म्हणून कुणाचं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. म्हणून सगळा हिशोबच मांडतो.

थ्रॉटल बॉडी म्हणजे एअर फिल्टर आणि इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्या) यांच्या मधला ॲल्युमिनियमचा जाड नळीसारखा भाग. आत एक गोल पातळ चकती असते, तिला आपल्याकडे बटरफ्लाय म्हणतात. ॲक्सिलरेटर दाबला की ती फिरते आणि हवेला वाट मोकळी होते. पूर्वी हे काम केबल करायची, आता बहुतेक गाड्यांत छोटी मोटर करते. अनेक इंजिनांत या भागाच्या अंगातून किंवा बुडातून कूलंटसाठी एक बारीक वाट काढलेली असते. बोनेट उघडून पाहिलं तर बोटाएवढ्या जाडीचे दोन होज थ्रॉटल बॉडीला आलेले दिसतील, एक येणारा, एक जाणारा. तुमच्या गाडीत ते दिसलेच नाहीत तर विषय तिथेच संपला. बऱ्याच नव्या इंजिनांत ही व्यवस्था नसतेच.

कंपनीने ती वाट ठेवली ती तिथे बर्फ धरू नये म्हणून. नाशिकमध्ये बसून हे विचित्र वाटतं, पण यातलं भौतिकशास्त्र फार सुंदर आहे. गाडी आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं इंजिन चालू) असताना बटरफ्लाय जवळजवळ बंद असते. कडेला केसाएवढी फट उरते आणि इंजिन पलीकडून जोरात ओढत असतं. मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी होतो. अशा वेळी त्या फटीतून हवा थेट ध्वनीच्या वेगाने जाते. वेगासाठी लागणारी ऊर्जा हवा स्वतःच्या उष्णतेतून काढते, म्हणून त्या क्षणी तिचं तापमान कोसळतं. बाहेर 5 अंश असतील तर त्या फटीतल्या प्रवाहाचं तापमान गणिताने उणे 40 च्या आसपास निघतं. पुढे गेल्यावर वेग मोडतो आणि उष्णता बरीचशी परत मिळते, त्यामुळे धातू काही तेवढा गार होत नाही. पण हवेत ओल असेल, शिवाय क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या, ऑइलच्या भागातून) परत येणाऱ्या वाफेतलं पाणी त्यात मिसळत असेल, तर चकतीच्या कडेला बर्फ धरू शकतो. चकती अडकली की आयडलिंग बिघडतं, गाडी बंद पडते, किंवा पाय काढूनही आरपीएम खाली येत नाही. ही शेवटची गोष्ट धोक्याची आहे. म्हणून कूलंटने ती जागा ऊबदार ठेवायची.

कार्ब्युरेटरच्या काळात हा त्रास कितीतरी जास्त होता. तिथे पेट्रोल त्याच गळ्यात वाफ होतं आणि वाफ होताना आजूबाजूची उष्णता खेचून घेतं, त्यामुळे बाहेर 15-20 अंश असले तरी दमट हवेत बर्फ धरायचा. लहान पिस्टन इंजिनच्या विमानांत वैमानिकाच्या हाताशी कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा खटका असतो तो याचसाठी. इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल थ्रॉटलच्या पुढे, बहुधा सिलिंडरच्या तोंडाशी फवारलं जातं, त्यामुळे थ्रॉटलला गार करणारं एक मोठं कारण निघून गेलं.

मग नाशिकला याची गरज किती? शहरात जवळजवळ नाहीच. पण जिल्हा म्हटलं की थोडं थांबावं लागतं. निफाडला हिवाळ्यात पारा 5 अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत, आणि द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी देतात ते उगाच नाही. जानेवारीतल्या अशा पहाटे, दव आणि धुक्यात, थंड इंजिन घेऊन कुणी पिंपळगावहून निघालं तर सिद्धान्ततः बर्फाची शक्यता उरते. दहा-पंधरा मिनिटांत बोनेटखालची हवाच तापते आणि प्रश्न मिटतो. पण हीच गाडी घेऊन मे-जूनमध्ये लडाख किंवा स्पितीला जाणारे नाशिककर कमी नाहीत. बायपास केलेल्या गाडीने तिकडे जायचं असेल तर निघण्याआधी होज मूळ जागी लावून घ्यावेत.

हवा किती तापते, याचा हिशोब

आता मुख्य प्रश्न. ते गरम कूलंट आत जाणाऱ्या हवेला किती तापवतं?

1.2 लिटरचं साधं पेट्रोल इंजिन घेऊ. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेएवढी हवा ओढतं. 6000 आरपीएमला मिनिटाला 3600 लिटर, म्हणजे सेकंदाला 60. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत म्हणून 50 लिटर धरू. थ्रॉटलचा व्यास 45 मिलिमीटर धरला तर पूर्ण उघड्या थ्रॉटलमधून हवा सेकंदाला 30 मीटरपेक्षा जास्त वेगाने जाते. थ्रॉटल बॉडीची लांबी जेमतेम 6 सेंटिमीटर. म्हणजे हवेचा कण त्या गरम भिंतीजवळ असतो सेकंदाच्या सुमारे पाचशेव्या भागापुरता. दिव्याच्या ज्योतीवरून बोट झटकन फिरवलं तर भाजत नाही, तसंच हे.

भिंत 85 अंश, हवा 40 अंश असताना एवढ्या छोट्या पृष्ठभागावरून या वेगाच्या हवेला साधारण 50 ते 60 वॅट उष्णता मिळते. आणि सेकंदाला 50 लिटर हवा एका अंशाने तापवायला लागतात सुमारे 50 वॅट. म्हणजे पूर्ण ॲक्सिलरेटरवर हवा तापते जवळपास एक अंश. बस्स.

एका अंशाने काय बिघडतं? हवेची घनता निरपेक्ष तापमानावर ठरते. 40 अंश सेल्सियस म्हणजे 313 केल्विन. एक अंश म्हणजे त्याचा 313 वा भाग, 0.3 टक्के. 85 हॉर्सपॉवरच्या गाडीत पाव हॉर्सपॉवर. मागच्या सीटवर ठेवलेली पाण्याची कॅन उतरवली तरी गाडीच्या उचलीत एवढा फरक पडेल.

कमी वेगात, ट्रॅफिकमध्ये हवा सावकाश जाते, तेव्हा ती दोन-तीन अंश तापू शकते, चकतीमागच्या खळबळीमुळे थोडी अधिकही. पण त्या वेळी तुम्हाला पूर्ण ताकद नकोच असते. अर्धवट ॲक्सिलरेटरवर हवा विरळ असली तर पाय किंचित जास्त दाबला जातो, चकती किंचित जास्त उघडते, ताकद तेवढीच मिळते. उलट चकती जास्त उघडी राहिल्याने हवा ओढताना होणारा इंजिनचा अपव्यय जरासा घटतो. म्हणून "बायपास केल्याने ॲव्हरेज वाढतं" हे म्हणणं टिकत नाही. टर्बो पेट्रोलमध्ये तर हवा दाबून भरणारा कंप्रेसर तिला चांगलंच तापवतो आणि इंटरकूलर तिचं तापमान पुन्हा उतरवतो. त्या उलाढालीत थ्रॉटलजवळचा एखादा अंश कुठेच दिसत नाही.

तुलनेसाठी आपल्याच रस्त्याचं उदाहरण घ्या. मुंबईहून कसारा घाट चढून इगतपुरीला आलात की तुम्ही समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर असता. नाशिकही साधारण त्याच उंचीवर. इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा 6-7 टक्क्यांनी कमी असतो आणि साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनची ताकदही जवळपास तेवढीच घटते. बायपासने जे मिळवायचं, त्याच्या वीसपट आपण घाट चढतानाच मागे ठेवून येतो, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग ज्यांनी हे काम केलं त्यांना फरक जाणवतो तो कसला? बहुतेकदा हाताचा. बायपासनंतर थ्रॉटल बॉडीला हात लावला की ती आधीएवढी चटकत नाही. पण धातू गार झाला म्हणजे हवा गार झाली असं होत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर मारून पाहणाऱ्यांनाही एक सांगायचंय: चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजलं तरच आकडा भरवशाचा. आणि स्कॅनरवर (गाडीच्या सेन्सरांचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) इनटेक एअर टेंपरेचर, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं तापमान, बघणार असाल तर सेन्सर कुठे आहे ते आधी पाहा. तो एअर फिल्टरजवळच्या मास एअरफ्लो सेन्सरमध्ये असेल तर थ्रॉटलने तापवलेली हवा त्याला कळणारच नाही, तो थ्रॉटलच्या आधीच बसलाय. मॅनिफोल्डवर असेल तर कळेल.

ही युक्ती मुळात आली कुठून? अमेरिकेत जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेतल्या मोठ्या व्ही-8 इंजिनांवर ती फार लोकप्रिय झाली. तिथे लोक ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे छोट्या सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर, गाडी पळवतात, प्रत्येक फेरीनंतर बोनेट उघडून मॅनिफोल्डवर बर्फाच्या पिशव्या ठेवतात. दोन फेऱ्यांच्या मध्ये धातू जितका गार राहील तितका बरा, कारण पुढची फेरी काही सेकंदांचीच असते. त्या खेळात एक-दोन अंशांना किंमत आहे, आणि त्यासाठी केलेला बायपास मला पटतो. गंगापूर रोडवर सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीला तो हिशोब लागू पडत नाही.

खरी गरम हवा कुठून येते

मे महिन्यात दुपारी द्वारका सर्कलला गाडी उभी आहे, एसी चालू आहे, स्कॅनर लावलाय. बाहेर 40 अंश. स्कॅनरवरचा आकडा हळूहळू 50, मग 55, कधी 60 च्या वर जातो. सिग्नल सुटून गाडी उड्डाणपुलावर मोकळी धावली की दोन-तीन मिनिटांत तो परत उतरू लागतो. ही 15-20 अंशांची वाढ म्हणजे 5-6 टक्के ताकद. शिवाय तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधी पेटून नॉकिंग व्हायची भीती असते, म्हणून ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ठिणगीची वेळ, म्हणजे इग्निशन टायमिंग, मागे घेतो आणि गाडी आणखी जड वाटते. "उन्हाळ्यात गाडी ओढत नाही" ही तक्रार इथून येते. थ्रॉटलच्या कूलंटचा त्यात वाटा नगण्य आहे. ही उष्णता रेडिएटर आणि एसी कंडेन्सरमधून (रेडिएटरपुढची, एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) बोनेटखाली येते आणि एअर फिल्टरच्या तोंडातून आत ओढली जाते.

म्हणून शोध घ्यायचा तो तिथे. एअर बॉक्सपासून (एअर फिल्टरच्या डब्यापासून) ग्रिलमागे किंवा हेडलाइटच्या बाजूला एक प्लॅस्टिकची नळी जाते. बाहेरची ताजी हवा घेण्यासाठी तीच असते. बंपरचं काम करून आलेल्या गाड्यांत ही नळी कितीदा तरी परत लावलेलीच नसते, किंवा तिची क्लिप तुटून ती आतल्या बाजूला लोंबत असते. मग इंजिन रेडिएटरमागची गरम हवा पीत बसतं. ती नळी जागेवर बसवायला पाच मिनिटं लागतात, आणि मिळणारा फायदा बायपासच्या दहापट असू शकतो. तसंच रेडिएटरच्या कडेचे फोम आणि रबरी पट्ट्या, खालची प्लॅस्टिकची शीट. या वस्तू बिनकामाच्या वाटतात, पण गरम हवा फिरून पुन्हा पुढे येऊ नये याची काळजी त्याच घेतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. लासलगाव, पिंपळगाव, चांदवड या पट्ट्यात नेहमी फिरणाऱ्या गाडीचा कंडेन्सर एकदा टॉर्च मारून बघा. धूळ, किडे आणि कांद्याच्या ट्रॅक्टरमागून उडालेली फोलपटं यांचा थर बसलेला असतो. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत तर जास्तच. तिथे कमी दाबाच्या पाण्याने, पाती न वाकवता धुतलं की पंखा कमी वेळ चालतो, एसी सुधारतो आणि बोनेटखालची हवाही उतरते.

आणि ते उघडे, शंकूसारखे एअर फिल्टर. बोनेटखाली कुठलाही आडोसा न करता लावलेला असा फिल्टर आवाज छान देतो, पण हवा मात्र इंजिनच्या डोक्यावरची, तापलेली घेतो. असा फिल्टर लावून वर थ्रॉटलचा बायपास करणं म्हणजे एक अंश वाचवून पंधरा अंश विकत घेणं. कंपनीचा बंद एअर बॉक्स आणि स्वच्छ पेपर फिल्टर उन्हाळ्यात त्याला सहज मागे टाकतो.

तरीही करायचंच असेल तर

कुणी ट्रॅकसाठी किंवा ऑटोक्रॉससाठी गाडी तयार करत असेल, तर त्याने हे काम जरूर करावं, पण होज कुठून कुठे जातात ते आधी बोटाने शोधून. घाई इथेच महाग पडते.

पहिली गोष्ट, होजची तोंडं कधीही बुजवायची नाहीत, ती एकमेकांना जोडायची. बऱ्याच इंजिनांत ही बारीक वाट केवळ थ्रॉटलसाठी नसते. हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) सगळ्यात उंच भागात साठणारी हवा आणि वाफ याच वाटेने रेडिएटर किंवा कूलंटच्या टाकीकडे जाते. वर सांगितलेल्या एलएस इंजिनांत तसंच आहे. ती वाट बंद केली की हवेचा फुगा आत अडकतो, तिथलं हेड तापतं, आणि तापमानाच्या काट्यावर काही दिसायच्या आत हेड गॅस्केट जाऊ शकतं. पाव हॉर्सपॉवरसाठी हेड उतरवायची वेळ येऊ नये.

दुसरी गोष्ट सीएनजीवाल्यांसाठी, आणि नाशिकमध्ये सीएनजी गाड्या आता भरपूर आहेत. सिलिंडरमधला 200 बार दाबाचा गॅस रेड्युसरमध्ये (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागात) एकदम काही बारवर उतरतो तेव्हा जबरदस्त गार होतो. रेड्युसर गोठू नये म्हणून त्याला गरम कूलंट द्यावंच लागतं. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये हे कूलंट बहुतेकदा हीटरच्या होजमधून टी लावून घेतात, पण काही गाड्यांत ते थ्रॉटल बॉडीच्या होजमधूनच घेतलेलं असतं. न बघता कापाकापी केली तर रेड्युसरचं पाणी तुटतं. मग भर उन्हाळ्यातही त्याच्यावर दहिवर दिसतं, गॅसचा दाब डळमळतो, गाडी मिसिंग करते आणि आतल्या डायफ्रामचं आयुष्य घटतं.

तिसरी, जुन्या गाड्यांबद्दल. 1990 च्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या काही जपानी इंजिनांत थ्रॉटल बॉडीखाली मेणाचा एक व्हॉल्व्ह असतो. इंजिन थंड असताना तो जादा हवा सोडून आरपीएम चढा ठेवतो, आणि गरम कूलंट लागून मेण फुगलं की बंद होतो. कूलंटच बंद केलं तर त्या व्हॉल्व्हच्या दृष्टीने इंजिन कायम थंड. परिणामी आयडलिंग चढं राहतं किंवा वरखाली होत राहतं, आणि लोक बिचाऱ्या आयडल मोटरला दोष देत ती बदलत बसतात.

काम पूर्ण गार इंजिनवर करायचं. कूलंट सुमारे एक बार जादा दाबाखाली असतं, गरम असताना झाकण किंवा होज उघडला तर अंगावर उसळतं. जोडण्यासाठी पितळी जॉइनर आणि चांगले क्लॅम्प घ्या. सांडलेलं कूलंट त्याच प्रकारच्या कूलंटने भरून काढा, नळाच्या पाण्याने नाही. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून, कंपनीच्या पद्धतीने कूलंटमध्ये अडकलेली हवा काढा आणि रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडीजवळ उभे राहा. पुढचे काही दिवस सकाळी टाकीतली कूलंटची पातळी बघा. वॉरंटी चालू असलेल्या गाडीवर हे करूच नका, पुढे कूलिंगशी संबंधित कुठलाही क्लेम अडकू शकतो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही थ्रॉटल बॉडीकडे एक नजर टाकावी. तिथे होज न लागलेल्या दोन रिकाम्या नळ्या आणि बाजूला यू आकारात वळवून जोडलेला होज दिसला तर आधीच्या मालकाने बायपास केलेला आहे. जॉइनर कसला आहे ते बघा. आपल्या भागात ठिबकचे प्लॅस्टिक जॉइनर कुठेही मिळतात म्हणून तेच घुसवलेले असू शकतात. ते शेतातल्या थंड पाण्यासाठी बनवलेले असतात, 90-100 अंशांच्या कूलंटमध्ये ते मऊ पडतात आणि दाबाने निसटतात. तसा जॉइनर दिसला तर गाडी लांब नेण्याआधी तो काढा, होजची टोकं कडक झाली असतील तर होज नवे घ्या आणि थ्रॉटल बॉडीवर मूळ जागी लावून टाका.